झाडाचा फ्लॉवर का होतो? तैलरंगातल्या इम्प्रेशनिस्ट निसर्गचित्राबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार-पाच वर्षे जलरंगात निसर्गचित्रे केली, आता तैलरंगात इम्प्रेशनिस्ट पद्धतीने झाडे रंगवायची आहेत. व्हिडिओ बघून फॅन ब्रशने (पंख्यासारखा पसरट ब्रश) ठिपके मारले, तर झाड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झाले, हिरवा रंग प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसतो आणि तासाभरात सगळे मळकट होते. रंग कोणते घ्यावेत, सुरुवात कुठून करावी, आणि फोटोवरून केले तर चालेल का?

मी पुण्यात सव्वीस वर्षे तैलरंग शिकवते आहे. तुमची तिन्ही दुखणी माझ्या वर्गात दर जूनमध्ये नव्याने येतात, आणि त्यांचे मूळ एकच असते. तुम्ही पाठवलेल्या चित्राचे वर्णन वाचून मी सांगू शकते की त्या झाडावर दोनेकशे ठिपके असतील आणि रंग मात्र दोनच असतील: ट्यूबमधला हिरवा, आणि त्यातच पांढरा घालून केलेला फिका हिरवा. दोन रंगांचे दोनशे ठिपके म्हणजे फ्लॉवरच. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार मोनेच्या झाडात ब्रशचे फटकारे कदाचित तुमच्यापेक्षा कमी सापडतील, पण शेजारशेजारचे दोन फटकारे सहसा एकाच रंगाचे नसतात. म्हणून फॅन ब्रश आधी कपाटात ठेवा. तो वाईट असतो असे नाही, पण तो एका झटक्यात वीस सारखे ठिपके देतो, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे.

दृक्‌प्रत्ययवाद, म्हणजे इम्प्रेशनिझम, हा शब्द जड आहे, पण त्यातली गोष्ट साधी आहे. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, पिसारो, सिस्ले, रेन्वार वगैरे मंडळींनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तोवर ती बरीच वर्षे उघड्यावर बसून रंगवत होती. धातूची दाबायची ट्यूब १८४१ मध्ये आली होती, त्यामुळे स्टुडिओतला खल-बत्ता सोडून नदीकाठी जाणे सोपे झाले. आता नदीकाठी गेल्यावर अडचण अशी होते की ऊन थांबत नाही. मग रंग गुळगुळीत घोटत बसायला वेळच नसतो. दिसला तो रंग मिसळायचा, ठेवायचा, पुढे जायचे. तुटक फटकारे ही घाईतून आलेली सवय होती आणि तिचीच पुढे शैली झाली. आपण उलटे करतो. एसीत बसून, चार दिवस घेऊन, घाईची नक्कल करतो.

झाडांच्या बाबतीत मोनेची एक गोष्ट मला फार आवडते. १८९१ मध्ये त्याने जिव्हर्नीजवळ एप्ट नदीकाठच्या पॉप्लर झाडांची मालिका रंगवायला घेतली. मध्येच गावाने ती झाडे लिलावात काढली. तेव्हा त्याने लाकूड व्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रे पुरी होईपर्यंत झाडे उभी ठेवायला लावली. झाडे तीच, पण ऊन वेगळे, म्हणून दर वेळी कॅनव्हास वेगळा. उजेड बदलला की तो कॅनव्हास खाली ठेवून दुसरा उचलायचा. आपल्यापैकी कुणी आंब्याच्या झाडासाठी व्यापाऱ्याला पैसे देणार नाही, पण ‘उजेड बदलला की बोर्ड बदला’ एवढे फुकट घेण्यासारखे आहे.

मी हे स्वतः चुकून शिकले. विद्यार्थिनी असताना एम्प्रेस गार्डनमध्ये सकाळी आठला बसले आणि साडेबारापर्यंत हटले नाही. कष्टाचा अभिमान वाटत होता. सरांनी चित्र हातात घेतले, जरा वेळ बघितले आणि विचारले, ‘काय गं, तुमच्या गावात दोन सूर्य उगवतात का?’ खोडाची सावली डावीकडे पडली होती, पानांवरचा उजेड डोक्यावरून येत होता आणि बाकाची सावली बाकाच्या खालीच बसली होती. तेव्हापासून माझा नियम दीड तासाचा आहे. दीड तासात जेवढे होईल तेवढेच त्या बोर्डावर. उरले तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी यायचे.

रंग आणि सामान

पिसारोने १८७८च्या सुमारास आपल्या लाकडी पॅलेटवरच एक निसर्गचित्र रंगवले होते. कडेला रंगांचे पाच-सहा गोळे तसेच ठेवलेले आहेत आणि मधल्या जागेत त्याच रंगांतून केलेली झाडे, शेत, गाडी. चित्र अमेरिकेतल्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, नेटवर सहज सापडते. दुकानातला चोवीस ट्यूबचा डबा घ्यायच्या आधी ते एकदा बघा.

मी सुरुवातीला देते ते रंग असे: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड, अ‍ॅलिझरिन क्रिमझन (गडद, थंड लाल), अल्ट्रामरीन ब्लू, व्हिरिडियन (निळसर हिरवा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). सॅप ग्रीन, म्हणजे पानांचा तयार हिरवा, मुद्दाम देत नाही. ती ट्यूब समोर असली की हात तिकडेच जातो. स्टुडंट दर्जाचे रंग चालतील. ट्यूबवर ‘ह्यू’ लिहिले असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य वापरले आहे एवढेच समजायचे, त्याने शिकण्यात काही अडत नाही. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबमध्ये घ्या आणि पॅलेटवर काढताना टूथपेस्टसारखा काढू नका, श्रीखंडासारखा काढा. जलरंगवाल्यांची कंजुषी इथे फार नडते. पॅलेटवर मुगाएवढा रंग असेल तर कॅनव्हासवर जाड फटकारा येणार कुठून?

ब्रश चपटे, डुकराच्या केसांचे, कडक: ६, ८ आणि १० नंबर. बारीक ब्रश एकच, तोही शेवटी फांदीला. एक पॅलेट नाईफ रंग मिसळायला, कारण ब्रशने मिसळला की रंग ब्रशच्या मुळात जाऊन बसतो आणि पुढचे सगळे मळवतो. आकार १० बाय १२ इंचाचा कॅनव्हास बोर्ड. आणि जुन्या सुती कपड्याच्या भरपूर चिंध्या. तुमच्या मळकटपणावर निम्मा इलाज या चिंध्यांमध्ये आहे: प्रत्येक दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश पुसायचा. टर्पेंटाइनमध्ये (तैलरंग पातळ करायचे द्रव) बुचकळायचा नाही, नुसता पुसायचा. बुचकळला की ओला राहतो आणि पुढचा रंग पातळ होऊन खालच्यात घसरतो.

हिरवा रंग

आपल्याकडचा निसर्ग हिरवा आहे ही एक समजूत आहे. जुलै-ऑगस्ट सोडले तर देशावर हिरवा रंग शोधावा लागतो. बाभूळ जवळजवळ राखाडी-पिवळी असते, तिच्यातून आकाश आरपार दिसते. आंबा काळपट असतो आणि कोवळी पालवी तांबूस, जवळजवळ जांभळी. पिंपळाचे नवे पान तांब्याचे. नारळाच्या झावळीच्या पाठीवर आकाश पडते तेव्हा ती चक्क निळसर पांढरी दिसते. हे सगळे आपण बघतो, आणि बोर्डासमोर बसलो की पाचवीच्या चित्रकलेच्या वहीतला हिरवा काढतो.

एक रविवार फक्त हिरवे मिसळण्यात घालवा. अल्ट्रामरीन आणि लेमन यलो हा उघडा, स्वच्छ हिरवा. अल्ट्रामरीन आणि ऑकर मिसळले की ऑलिव्हसारखा दबका हिरवा येतो, झाडाच्या मधल्या छटेला हाच सर्वांत जास्त लागतो. व्हिरिडियनमध्ये अ‍ॅलिझरिन घाला. दोन्ही विरोधी रंग असल्यामुळे एकमेकांना मारतात आणि जवळजवळ काळा मिळतो, पण ट्यूबमधल्या काळ्यासारखा मेलेला नाही. क्रिमझन जरा जास्त झाला की तो जांभळा होतो, व्हिरिडियन जास्त झाला की खोल हिरवा. झाडाच्या पोटातला अंधार याच दोघांमध्ये कुठेतरी असतो. आणि कुठलाही हिरवा भडक वाटला तर त्यात पांढरा घालू नका, चिमूटभर लाल किंवा बर्न्ट सिएना घाला. पांढऱ्याने हिरवा थंड आणि खडूसारखा होतो. तीच ती प्लॅस्टिकची बादली.

दुसरी गोष्ट ऊन-सावलीच्या तापमानाची. सकाळचे ऊन उबदार असते, म्हणून त्या वेळच्या सावल्या निळ्या-जांभळ्याकडे झुकतात. पावसाळी ढगाळ दिवशी उलटे होते. उजेडच थंड असतो, त्यामुळे पानांचा वरचा भाग निळसर राखाडी आणि पोटातली सावली उबदार, तपकिरी. हे एकदा डोळ्यात बसले की हिरव्याची अर्धी भांडणे मिटतात.

एक झाड, सुरुवातीपासून

वाई-मेणवलीच्या घाटावर चित्रकारांची गर्दी असते. मी विद्यार्थ्यांना तिथून जरा पुढे शेतात नेते. घाट, देऊळ, पायऱ्या समोर असल्या की माणूस रेखाटनातच अडकतो. गेल्या फेब्रुवारीत केलेले एक झाड सांगते. ज्वारी काढलेले रान, बांधावर एकटा आंबा, सकाळचे आठ, ऊन डावीकडून. आंबा मोहोरलेला.

बोर्ड आदल्या दिवशीच बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पुसून घेतला होता. पांढऱ्या बोर्डावर प्रत्येक रंग काळा वाटतो, म्हणून आपण सगळे फिके करत जातो. तांबूस पाया असला की छटेचा अंदाज येतो, आणि फटकाऱ्यांच्या फटींतून तो तांबूस डोकावतो तेव्हा हिरव्याला आयतीच ऊब मिळते.

मग डोळे बारीक केले. अगदी पापण्या मिटायला येईपर्यंत. पाने जातात, फांद्या जातात, उरतात चार तुकडे: आकाश सर्वांत उजळ, त्याखालोखाल जमीन, मग लांबचा डोंगर, आणि उभे झाड सर्वांत गडद. हा क्रम अमेरिकन चित्रकार जॉन कार्लसन यांनी नीट समजावून मांडला आहे: उजेड वरून येतो, म्हणून आडवी जमीन जास्त उजेड घेते, उतार त्याहून कमी आणि उभी झाडे सर्वांत कमी. नवशिक्याचे झाड उजळ होते आणि जमीन गडद, आणि मग कितीही सुंदर फटकारे मारा, चित्रात ऊन पडत नाही.

झाडाचा आकार पातळ बर्न्ट सिएनाने चार रेघांत घेतला. झाड बोर्डाच्या मध्यापासून जरा उजवीकडे. मग थेट अंधार. जलरंगात आपण उजेडाकडून अंधाराकडे जातो, कागदाचा पांढरा राखतो, इथे उलटे. अंधार आधी, पातळ; उजेड शेवटी, जाड. व्हिरिडियन-क्रिमझनचा तो काळपट रंग टर्पेंटाइनने पातळ करून झाडाच्या सगळ्या सावलीच्या भागावर १० नंबरने घासला. पाने नाहीत, पोत नाही, नुसता एक वेडावाकडा डाग. कडा मात्र मुद्दाम ओबडधोबड. आंब्याचे झाड छत्रीसारखे गोल नसते, त्यात तीन-चार मोठे घुमट असतात, एक पुढे आलेला, एक मागे गेलेला. हे घुमट या डागातच ठरले नाहीत तर पुढे ठिपके मारून ते सापडत नाहीत.

इथपर्यंत वीस मिनिटे झाली. मग आकाश. क्षितिजाजवळ पांढऱ्यात किंचित ऑकर आणि क्रिमझनचा थेंब, वर जाताना अल्ट्रामरीन. आकाशाचा रंग झाडाच्या कडेत घुसवला, काही ठिकाणी ओल्या अंधारात मिसळूही दिला. तिथे कड हरवते, आणि हरवलेली कड म्हणजे हवा. सगळ्या कडा धारदार ठेवल्या की झाड कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते.

जमीन: ऑकर, पांढरा, जराशी क्रिमझन. ज्वारीची धसकटे रंगवली नाहीत, फक्त फटकारे पुढे जास्त रुंद आणि मागे आडवे, बारीक केले. झाडाची सावली अल्ट्रामरीन-क्रिमझनचा जांभळा, त्यात ऑकर आणि पांढरा घालून दबका केलेला. विद्यार्थी सावली राखाडी करतात. पण जाऊन बघा, उन्हातल्या पिवळ्या मातीवर पडलेली सावली जांभळी दिसते. काही अंशी ते वरच्या निळ्या आकाशाचे देणे आहे, काही अंशी डोळा पिवळ्याशेजारी जांभळा शोधतो. शेव्ह्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये शेजारच्या रंगांच्या या खेळावर लिहिले. तो गालिचे विणण्याच्या सरकारी कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, आणि त्याच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा काळा दिसत नाही. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता.

आता मधली छटा, अल्ट्रामरीन-ऑकर, ८ नंबर, कमी टर्पेंटाइन. घुमटांच्या उजेडाकडे वळणाऱ्या भागावर. इथे मी एक रंग मिसळला, पाच-सहा फटकारे ठेवले, मग त्यात जरा निळा वाढवला, चार फटकारे. मग जरा सिएना, तीन फटकारे. तुमच्या दोनशे ठिपक्यांवरचा इलाज एवढाच. एका मिश्रणातून सहापेक्षा जास्त फटकारे घ्यायचे नाहीत, सातव्याला रंग हलवायचाच.

शेवटी उजेड. आणि इथेच त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांची फसगत झाली. सवयीने त्यांनी लेमन यलो आणि हिरवा मिसळला. पण आंबा मोहोरलेला होता! डावीकडचा उन्हातला वरचा भाग हिरवा नव्हताच. पांढऱ्यात ऑकर आणि कणभर क्रिमझन घातली की जो मळकट गुलाबी-पिवळा येतो, तो होता. खालच्या जुन्या पानांवर उजेड पिवळसर हिरवा, आणि जी पाने आकाशाकडे तोंड करून होती त्यांच्यावर चकाकी निळसर राखाडी. तीन वेगळे उजेड एकाच झाडावर. ब्रशच्या टोकावर भरपूर रंग, तेल नाही, हात हलका. ठेवायचा आणि उचलायचा. परत त्याच जागी गेलात तर खालचा अंधार वर येतो आणि मळ तयार होतो. चुकला तर नाईफने खरवडून काढा, घोटू नका.

पानांमधून दिसणारी आकाशाची भोके सर्वांत शेवटी आणि मोजकी: त्या झाडात सात होती. त्यांचा रंग आकाशाहून एक छटा गडद घ्यायचा, कारण लहान भोकातून येणारा उजेड आजूबाजूच्या पानांमुळे दबतो. तोच आकाशाचा रंग ठेवला तर भोके दिव्यांसारखी पेटतात. खोडही मग दोन-तीन तुकड्यांत. पानांच्या अंधारासमोर ते उजळ दिसते आणि जमिनीच्या उजेडासमोर गडद, म्हणून वरपासून खालपर्यंत एकाच तपकिरी रंगाने ओढू नका. झाड तिथे खांबासारखे उभे राहते.

हे सगळे एक तास चाळीस मिनिटांत झाले. नियम दहा मिनिटांनी मोडला.

आपल्याकडे निसर्गचित्र म्हटले की जलरंग हीच परंपरा मोठी आहे आणि तुम्हीही तिथूनच आला आहात. तो वेळ वाया गेलेला नाही. पाण्याचा रंग एकदा ठेवला की सोडावा लागतो, ती शिस्त इथे कामाला येते. कोल्हापूरला गेलात तर आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे बघायचा प्रयत्न करा. शाहू महाराजांच्या पदरी असलेला, कोटितीर्थाच्या काठी राहिलेला हा चित्रकार झाडावरचे ऊन किती थोडक्यात सांगून जातो ते मूळ चित्रातच कळते, छापील चित्रात नाही.

फोटोचे विचारले आहे. पहिले सहा महिने नको. मोबाइलचा कॅमेरा सावली काळी करतो किंवा कृत्रिम उजळ करतो, आणि तुम्हाला शिकायचे आहे ते नेमके त्या सावलीतले जांभळे-निळे. शिवाय फोटोत प्रत्येक पान दिसते, म्हणून प्रत्येक पान रंगवावेसे वाटते. बाहेर जाणे जमत नसेल तर गच्चीतून किंवा खिडकीतून दिसणारे एक झाड धरा, तेच झाड सकाळी, दुपारी चारला आणि ढगाळ दिवशी, ६ बाय ८ इंचाच्या तीन बोर्डांवर. प्रत्येकी शंभर फटकाऱ्यांची मर्यादा घाला आणि खरोखर मोजा. वेडेपणा वाटेल, पण पन्नासाव्या फटकाऱ्याला हात आपोआप थांबून विचार करायला लागतो.

सुकण्याबद्दल: पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड पांढऱ्याला दोन आठवडेही लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरांत तेलाचे प्रमाण जास्त (जाड रंगात ट्यूबमधले तेल असतेच). हा क्रम उलटला तर पुढे भेगा पडतात. व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नको. टर्पेंटाइन बंद खोलीत वापरू नका आणि सिंकमध्ये ओतू नका. बाटलीत ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे पुन्हा वापरता येते. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. आमच्या वर्गात त्या गच्चीच्या दोरीवर एकेक पसरून वाळवतात. शेजारच्या आजींना आमची धुणी कायम डागाळलेली का असतात हे कोडे अजून सुटलेले नाही.